काका वार्निश घासतात

सिंगापुरातल्या यच्चयावत लाकडी फर्निचरवर नाराज असलेला एकच माणूस माझ्या माहितीत आहे, तो म्हणजे वन-नॉर्थ भागातल्या माझ्या ऑफिसातल्या मित्राचे वडील. काका पुण्याहून चोआ चू कांगला मुलाकडे राहायला आले आणि महिन्याभरात त्यांनी इमारतीखाली लोकांनी टाकलेल्या तीन खुर्च्या वर आणल्या. सुनेनं कपाळाला हात लावला. खुर्चीला वार्निशचे हात द्यायचे, तीन-चार आठवडे ते पक्कं वाळू द्यायचं, मग साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या बारीक सँडपेपरनं त्यावरचे धुळीचे कण आणि ब्रशचे पट्टे घासून काढायचे, यापलीकडे त्यांना जगात काही महत्त्वाचं वाटत नसे. "वार्निश कुणीही फासेल, घासायला अक्कल लागते," हे त्यांनी एकदा हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीतल्या चहावाल्याला चक्क मराठीतून सुनावलं. तो बिचारा "कॅन, कॅन, अंकल" म्हणत होकार देत राहिला. नातीनं वाळत्या खुर्चीला बोट लावलं की घर डोक्यावर. "आजोबा, ड्राय ऑलरेडी, ला!" असं ती वैतागून म्हणायची.

मी त्याच इमारतीत दोन मजले खाली राहतो. माझं जेवणाचं टेबल काकांनी हट्टानं घासायला घेतलं. तिसऱ्या दिवशी पाहतो तर एका कोपऱ्यातलं वार्निश पार निघून कोरं लाकूड उघडं पडलेलं, आणि काका तिथंच घासतायत.

"झालंय ना एकसारखं?" त्यांनी विचारलं.

"मस्त झालंय, काका."

त्यांनी टेबलावरून बोटं फिरवली. ती कोपऱ्यात थबकली.

"खोटं कशाला बोलतोस? वर्ष झालं, डोळ्यांपुढे कडेकडेनं अंधारतंय. मुलाला सांगू नकोस. काळजी करत बसेल, माझ्या हातातला पेपर काढून घेईल."

दोन दिवस मी गप्प राहिलो. मग मित्राला सांगितलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले. काकांनी माझ्याशी दोन महिने अबोला धरला. लिफ्टमध्ये भेटले तर भिंतीकडे तोंड करून उभे राहत.

एका रविवारी बेल वाजली. दारात काका, हातात वार्निशचा डबा. "कोपऱ्याला तू हात दे. मी सांगतो तसा." महिन्याभरानं ते पुन्हा आले. मी पेपर फिरवू लागलो तसा त्यांनी आपला पंजा माझ्या हातावर ठेवला. "इतका जोर नको रे." आम्ही दोघं मिळून घासत राहिलो.

सांगितलंस ते बरं केलंस, असं ते कधीच म्हणाले नाहीत. निघताना फक्त "उद्या येतो" म्हणाले, आणि लिफ्टपर्यंत जाताना त्यांनी माझा दंड धरला.