बर्फ काढा, ऊन टाका

प्रेमानंद शेंडेला राग आला की त्याचा आवाज चढत नाही, उतरतो. नागपूरच्या धंतोलीतल्या ज्या मेडिकलच्या काउंटरवर त्याची निम्मी हयात गेली, तिथल्या पोरांना हे चांगलं ठाऊक आहे. गडचिरोलीकडून आलेल्या एखाद्या म्हाताऱ्यावर कोणी खेकसलं, की प्रेमानंद इतकं हळू बोलू लागतो की समोरच्याला पुढं वाकून ऐकावं लागतं. आणि वाकलेल्या माणसाला बोलणं बरोबर लागतं.

अनंतराव देवपुजारींच्या केबिनमध्ये तो त्या दिवशी असाच बोलला. पण हा गोळ्या-औषधं देणारा माणूस प्रकाशकाच्या केबिनपर्यंत पोचला कसा, ते आधी सांगायला हवं.

प्रेमानंद उमरेडचा. वडील नत्थूजी कोळशाच्या खाणीत. विहाराच्या वाचनालयातली सगळी पुस्तकं पोरानं बारावीच्या आत संपवली, मग मराठी संपली म्हणून डिक्शनरी मांडीवर घेऊन इंग्रजीला हात घातला. नागपुरात येऊन डी. फार्म. केलं आणि काउंटरला लागला. अनंतराव एकदा बीपीच्या गोळ्या घ्यायला आले. डॉक्टरनं चिठ्ठीवर जे लिहिलं होतं ते सुई टोचताना हात हलल्यासारखं होतं. दोन दुकानांनी ती परत केली होती. प्रेमानंदनं उभ्या उभ्या वाचली आणि गोळ्या काढून दिल्या. अनंतराव चाट पडले. हे ज्याला वाचता येतं त्याला जगातलं कुठलंही इंग्रजी वाचता येईल, असा त्यांनी हिशेब केला. प्रकाशकाचे हिशेब असेच असतात, आणि हा नेमका बरोबर निघाला.

पुढच्या खेपेला ते कागदांचा एक गठ्ठा घेऊन आले. इंग्रजी कादंबरी, पोरांसाठीची, जादूची. कव्हर नाही, पहिली पानं नाहीत, लेखकाचं नाव नाही. अनंतराव म्हणाले, "यातला बर्फ काढा, ऊन टाका. बाकी तुम्हाला कळतंच."

प्रेमानंदला खरंच कळलं. बर्फाच्या वादळाची त्यानं मे महिन्यातली लू केली. तोंड झाकणाऱ्या जादूगारणींच्या बुरख्यांचे दुपट्टे केले, कारण नागपूरच्या उन्हात स्कूटीवरची प्रत्येक पोरगी तशीही जादूगारणीसारखीच दिसते. कॅसल काढून गड आणला. ड्रॅगनला मात्र काही केल्या वऱ्हाडी कपडे चढेनात, तेव्हा त्याचा उडणारा अजगर केला. पुस्तक धडाक्यात खपलं. कव्हरवर छापलं होतं, लेखक: प्रेमानंद शेंडे.

"अन् मूळ लेखकाचं नाव?" त्यानं तेव्हा विचारलं होतं.

"तो बसलाय तिकडे लंडनला. त्याला काय करायचंय मराठीत? आणि पोरांना गोष्ट पाहिजे असते हो, नाव कोण वाचतं?"

प्रेमानंदनं पुढचा गठ्ठा उचलला. स्वतःचं नाव छापलेलं पाहून त्याला बरंही वाटलं होतं, हे त्याच्या बायकोला, मिनलला, पक्कं आठवतं. अशी सहा पुस्तकं झाली. प्रत्येक पुस्तकाचं मूळ कोणाचं ते त्यानं शोधून काढलं आणि मनात ठेवून दिलं. मनात ठेवलेल्या गोष्टीला व्याज लागतं, हे त्याला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

सातवं पुस्तक त्याचं होतं.

लहानपणी नत्थूजींनी जेवणाच्या डब्यातून एक चपटा दगड घरी आणला होता. त्यावर पानाचा ठसा, शिरांसकट. "कोळसा व्हाच्या आधी हे जंगल होतं," ते म्हणाले होते. एवढंच. त्या एवढ्याशावरून प्रेमानंदनं पहाटे पहाटे उठून 'खाणीतली सावली' लिहिली. उमरेडची पिंकी नावाची पोरगी. तिच्या बापाची सावली खाणीत राहून गेली आहे. कोळशाच्या प्रत्येक ढेकळात एका झाडाची सावली झोपलेली असते, आणि त्या सावल्यांचे व्यापारी असतात, ते त्या विकतात, जाळतात, चिमणीतून वर सोडतात. बापाची सावली जळायच्या आत पिंकीला खाली उतरायचं आहे.

तर हे बाड घेऊन तो केबिनमध्ये गेला होता. अनंतरावांच्या शेजारी सुमतीबाई बसल्या होत्या. बाई मराठीच्या निवृत्त प्राध्यापक, आणि अनंतरावांकडे येणारं प्रत्येक हस्तलिखित त्यांच्या चष्म्याखालून जातं. स्वतः त्यांनी पोरांसाठी देवीच्या कथांचे खंड लिहिलेत. त्यातली प्रत्येक कथा पुराणातली, आणि आत छापलंय 'स्वतंत्र लेखन'.

"झकास उतरलंय," अनंतराव म्हणाले. "मूळ कोणाचं?"

"माझं."

"ते झालं हो. पण मूळ मूळ कोणाचं?"

"मूळ मूळ माझंच हाय, साहेब."

अनंतरावांनी सुमतीबाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "प्रेमानंद, रागावू नका. खाणीखाली जंगल, सावल्यांचे व्यापारी, हे मी इंग्रजीत कुठेतरी वाचलेलं आहे. आत्ता नाव आठवत नाही. आपल्याकडे असं सुचत नाही कोणाला."

"आपल्याकडे म्हणजे कोणाकडे?" प्रेमानंदचा आवाज उतरायला लागला होता.

बाईंनी चष्मा पुसायला घेतला. "मराठीत म्हणते मी."

"मले मराठीतच सुचलं, बाई. उमरेडच्या."

"मी फोनलाही विचारलं," अनंतराव मध्ये पडले. "आजकाल तो सगळं सांगतो. गोष्ट टाकली आणि म्हटलं, हे कशासारखं आहे. पाच पुस्तकं सांगितली त्यानं. तुम्हीच पाहा."

प्रेमानंदनं ती पाचही पुस्तकं घरी जाऊन शोधली. एक निघालं देवमाशांच्या शिकारीचं. एक खाणकामगारांच्या संपाचं, त्यात जादूचा टिपूस नाही. एकात जंगल होतं, पण खाण नव्हती, आणि सावल्याही आपापल्या जागी होत्या. उरलेली दोन पुस्तकं जगात कोणी लिहिलेलीच नव्हती. फोननं ती तिथल्या तिथं तयार केली होती, लेखकांच्या नावांसकट. म्हणजे जे पुस्तक या पृथ्वीवर नाही, त्यावरून प्रेमानंद शेंडेनं चोरी केली होती. चोरी सिद्ध करायला चोरीचा माल दाखवला की झालं. चोरी केलीच नाही, हे सिद्ध करायला माणसानं काय दाखवावं?

"रिकामे हात दाखवावे," मिनल म्हणाली. ती पॅथॉलॉजीत काम करते. दिवसभर लोकांच्या रक्तात काय नाही ते लिहून देते, म्हणून तिला असलं पटकन सुचतं.

"तुले मजाक सुचून राहिला."

"मजाक नाही. सहा डाव चोरलं तवा कोणी विचारलं नाही, तर तुम्हाले झोप लागे. आता नाही चोरलं तर एवढं काहून लागलं?"

"तवा चोरलं होतं म्हणून नाही लागलं. आता नाही चोरलं म्हणून लागलं."

"मंग त्याहीनं कसं वळखावं?" मिनलनं ओट्यावरचा स्टीलचा डबा उचलला आणि त्याच्या बुडावर कोरलेलं नाव त्याच्यासमोर धरलं. "समजा, शेजारणीचा डबा आणला, परत द्याचा सोडून त्याच्यावर आपलं नाव घालून घेतलं. एक नाही, सहा. आता तुम्ही दुकानातून नवा डबा आणला तरी ते उलटा करूनच पाहतीन ना."

प्रेमानंद ताटावरून उठला. बायकोचं बोलणं चुकीचं असतं तर तो जेवला असता.

आठवड्यानं रामटेकच्या एका शाळेत 'लेखक आपल्या भेटीला' होता. म्हणजे लेखकानं भेटायचं, पोरांनी टाळ्या वाजवायच्या आणि अनंतरावांनी मागच्या टेबलावर पुस्तकं विकायची. तारीख आधीच ठरलेली, म्हणून प्रेमानंद गेला. गाडीत अनंतरावांनी फार गोडीत एक कव्हर त्याच्या हातात दिलं. काळी खाण, लाल आकाश, 'खाणीतली सावली'. आणि खाली: हेन्री कॉर्नवुड यांच्या जगप्रसिद्ध कादंबरीचं रूपांतर. त्याखाली, मुंगीला वाचता येईल एवढ्या अक्षरात, रूपांतर: प्रेमानंद शेंडे.

"हा कोण?"

"कोणी नाही हो. मीच काढलं नाव. भारदस्त वाटतं ना? सुमतीबाईंचंही समाधान, वाचकाचंही. इंग्रजीवरून आहे म्हटलं की आईबाप डोळे मिटून घेतात."

"जवा लेखक होता तवा त्याचं नाव तुम्ही छापलं नाही," प्रेमानंद म्हणाला. "आता कोणी नाही तर छापून राहिले."

"धंदा आहे, प्रेमानंदजी. नाहीतर मग हे पुस्तक राहू द्या तुमच्याकडेच. माझ्याकडून दुसऱ्या रीतीनं निघणार नाही."

"साहेब, इतक्या वर्षांत तुमच्या ऑफिसातून ओरिजिनल निघालं ते हे एकच. कॉर्नवुड."

अनंतराव हसले. त्यांना वाटलं, गडी मानला.

शाळेच्या हॉलमध्ये मुख्याध्यापक रुपराव सरांनी 'स्वयंभू प्रतिभेचे धनी' इथपासून सुरुवात केली आणि बऱ्याच वेळानं खाली बसले. प्रेमानंद उठला. त्यानं खडू मागितला. फळ्यावर आपल्या सहा पुस्तकांची नावं एकाखाली एक लिहिली, आणि प्रत्येकापुढं मूळ पुस्तकाचं आणि त्याच्या लेखकाचं नाव. खडू एवढा दाबून धरला होता की तीनदा मोडला.

"ही सहा पुस्तकं माझी नाहीत," तो म्हणाला. "ज्यांची आहेत त्यांची नावं समोर आहेत. ती कव्हरवर पाहिजे होती. नव्हती."

मागून एका पोरानं विचारलं, "मंग तुमी काय केलं, सर?"

"बर्फ काढला, ऊन टाकलं."

पोरं खदखदून हसली. अनंतरावही हसत पुढं आले आणि रुपराव सरांना म्हणाले, "आमचे लेखक जरा गमत्ये आहेत."

"मी गंमत करून नाही राहिलो." प्रेमानंदनं खिशातलं कव्हर काढून पोरांपुढं धरलं. "हा हेन्री कॉर्नवुड. हा माणूस जन्मला नाही. याच्या नावावर जे पुस्तक निघणार हाय ते माझं हाय. मी लिहिलं. मले सुचलं." आणि सहा ओळींखाली त्यानं सातवी लिहिली: खाणीतली सावली, प्रेमानंद शेंडे. पुढची जागा कोरी.

अनंतरावांचं हसू गेलं. "टेबल आवरा," ते ड्रायव्हरला म्हणाले, आणि दाराकडं चालू लागले. रुपराव सर एकदा त्यांच्याकडं पाहत होते, एकदा फळ्याकडं. आभारप्रदर्शन कोणाचं करायचं हे त्यांना कळेना.

प्रेमानंदनं पिशवीतून बाड काढलं आणि पहिलं प्रकरण वाचायला घेतलं. पिंकी पहाटे घरातून निघते. सायरन होतो. खाणीच्या जुन्या दारावर एक म्हातारा बसलेला असतो. बोलायच्या आधी खोकतो, अर्धं वाक्य बोलतो आणि गप्प होतो, उरलेलं पिंकीनं ओळखायचं. पोरं पुढं सरकून बसली होती. प्रेमानंदचा श्वास पहिल्यांदाच मोकळा झाला.

दुसऱ्या रांगेतली एक मुलगी हात वर करून उभी राहिली. आठवीतली भैरवी. तिच्या काखेत त्याची जुनी दोन पुस्तकं होती, पार सालटं निघालेली.

"सर, हा म्हातारा तिसऱ्या पुस्तकातला हाय."

"नाही. हा माझा हाय."

"तिथं तो पुलावर बसते, सर. असाच खोकलते. अर्धंच बोलते. इथं दारावर बसवला तुमी त्याले."

प्रेमानंदनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. आवाज निघाला तो इतका खालून की मागची पोरं म्हणाली, ऐकू नाही येऊन राहिलं. तो थांबला. पुलावरचा म्हातारा त्याला आठवला. तो खोकला त्यानंच इंग्रजीतून मराठीत उतरवला होता, फार मन लावून. मग तो म्हातारा पुलावरून कधी उठला आणि पहाटे पहाटे येऊन खाणीच्या दारावर कधी बसला, याचा त्याला पत्ताच लागला नव्हता. सुमतीबाईंना हा दिसला नाही. फोनला दिसला नाही. या आठवडाभरात आला नव्हता असा राग त्याला आला, आणि या वेळी केबिनमधल्यासारखं टेबलापलीकडं कोणी बसलेलं नव्हतं.

त्यानं पेन काढलं आणि म्हाताऱ्यावर उभी आडवी काट मारली. कागद फाटला.

"मंग दारावर कोण?" भैरवीनं विचारलं.

"वॉचमन ठेवा, सर," एक पोरगा म्हणाला. दुसरा म्हणाला, "भूत." तिसरा म्हणाला, "माह्या मामाचा कुत्रा हाय, सर, तो कोणालेच आत नाही जाऊ देत."

"कोणी काही देऊ नका," प्रेमानंद म्हणाला. "कुत्रा चांगला हाय, पण तो तुह्या मामाचा हाय."

बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि दूर गेल्याचाही. भैरवी रांगेतून पुढं आली. तिनं फळ्याखाली पडलेला मोडका खडू न विचारताच घेतला आणि सातव्या ओळीपुढच्या कोऱ्या जागेत, त्याच्या नावाला लागून, गोल वळणदार अक्षरात लिहिलं: म्हातारा सोडून.

रुपराव सर घाईघाईनं डस्टर घेऊन उठले.

"राहू द्या, सर," प्रेमानंद म्हणाला. राग अजून त्याच्या कानाच्या पाळ्यांत होता. "बरोबर लिहिलं पोरीनं."