छत्तिसावा दात

तो रविवार आठवला की अजूनही माझं डोकं तापतं. कुणावर तापतं, हे मात्र आता बदललं आहे.

आयटीतल्या मुलाच्या स्थळाला नकार द्यायला पुण्यात कुणी धजत नसे, त्या दिवसांतली ही गोष्ट. मी हडपसरला एका कंपनीत कोड लिहायचो आणि स्वतःला फार शहाणा समजायचो. वडील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर होते. तीस वर्षं त्यांनी लोखंड घासायची कानस चालवली. मग तिथे संगणकावर चालणारी यंत्रं आली आणि वडिलांना स्वेच्छानिवृत्ती देण्यात आली. स्वेच्छा कुणाची, हे अशा वेळी विचारायचं नसतं. त्यानंतर त्यांनी एक जुनी मोटार घेतली. दर गुरुवारी ते तिच्यातून कात्रजला, अंथरुणाला खिळलेल्या आत्याकडे जायचे.

मोटार उत्तम चालत होती, हे मुद्दाम सांगतो. इंजिनाला पेट्रोल सोडणारा तिचा कार्ब्युरेटर वडील कानाने लावायचे. इंजिन चालू ठेवून मान तिरकी करायची, ऐकायचं, स्क्रू जरासा फिरवायचा. मला ते बघवत नसे. तिकडे परदेशात हौशी लोक इंजिनाचा संगणक घरी बनवत होते. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, सगळं तो संगणक ठरवणार आणि आपण ते लॅपटॉपवरून बदलणार. कंपनीच्या कामावर परदेशी गेलेल्या, परतणाऱ्या एका सहकाऱ्याकडून मी त्याचा बोर्ड मागवला, बाकीचे सुटे भाग बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून आणले आणि जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंग सुरू केलं.

वडिलांनी एकदाच विचारलं, "हे नक्की काय करतं रे?"

"बाबा, तुम्हाला नाही कळणार यातलं," मी मान वर न करता म्हणालो.

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि ते आत गेले.

मी कार्ब्युरेटर काढून टाकला. दोन आठवड्यांत गाडी देतो म्हणालो होतो, लागले एकूण नऊ आठवडे. वडील दुखरा गुडघा घेऊन स्वारगेटला बस बदलत कात्रज गाठत होते. माझं लक्ष होतं ते इंजिनाच्या पुलीवर बसवायच्या चाकाकडे. या चाकाला छत्तीस दात असतात आणि त्यातला एक मुद्दाम काढायचा असतो. ती मोकळी जागा समोरून गेली की इंजिन कुठवर फिरलं ते संगणकाला समजतं. मी तो दात हॅक्सॉने वाकडातिकडा कापला, चाक बसवलं आणि कामासाठी आठवडाभर बंगळूरला गेलो.

परत आलो, शेवटच्या वायरी जोडल्या, स्टार्टर मारला. इंजिन नुसतं घरघरलं. लॅपटॉपवर इंजिनाचा वेग शून्य. चाकाचे दात टिपणारा सेन्सर बदलला, वायरी बदलल्या, बोर्ड पुन्हा सोल्डर केला. वेग शून्यच. तीन रविवार मी पार्किंगमध्ये दिसेल त्याच्यावर खेकसत होतो, चहा घेऊन आलेल्या वडिलांवरसुद्धा. चौथ्या रविवारी काहीच सुचेना, तेव्हा गाडीखाली शिरलो आणि पुली हाताने फिरवत दात मोजले. छत्तीस. खडूची खूण करून परत मोजले. छत्तीसच.

मी तसाच ग्रीसच्या हातांनी वर गेलो. "चाकाला हात कुणी लावला?"

"मी," वडील शांतपणे म्हणाले. "एक दात तुटला होता. वेल्डिंग करून भरून घेतला, मग घासला. तीन दिवस लागले."

"मला विचारायचं ना!"

"यातलं मला कळत नाही, असं तूच म्हणालास. तुटका दात तेवढा कळतो. असलं चाक मी टूलरूमच्या बाहेर कधी जाऊ दिलं नाही."

"अहो, तो मुद्दाम काढला होता!" मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं.

"का?"

मग मी संतापातच वर्तमानपत्राच्या कडेला चाक काढून दाखवलं. नऊ आठवड्यांत पहिल्यांदा. मी अर्ध्यावर होतो तेव्हाच ते म्हणाले, "म्हणजे मोजायला सुरुवात कुठून करायची त्याची खूण. एवढंच ना?"

एवढंच होतं.

ते कानस घेऊन खाली आले. छत्तिसातला भरलेला दात कुठला, हे मला डोळे फाडूनही ओळखता येत नव्हतं. त्यांनी बोट फिरवलं आणि थांबवलं. तीन दिवस खपून केलेला दात त्यांनी स्वतःच घासून काढला. कानस माझ्या हातात दिली नाही.

गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. वडिलांनी मान तिरकी केली. "पेट्रोल जास्त पडतंय." मी लॅपटॉपवर पाहिलं. जास्तच पडत होतं.

गुरुवारी मी किल्ली त्यांच्यापुढे धरली. ते पिशवीत आत्याची औषधं भरत होते.

"राहू दे," ते म्हणाले. "वाटेत बंद पडली तर? मला यातलं कळत नाही."

आणि कठड्याला धरून, एकेक पायरी करत, ते बससाठी जिना उतरले.