नाराच्या अलीकडचे तिसरे स्टेशन

या सदरात येणारे अनुभव मी बरीच वर्षे वाचते आहे, आणि खरे सांगायचे तर ते वाचण्यामागचा माझा हेतू फारसा चांगला नसतो. मी त्यांतल्या फटी शोधते. वेळ कोणी पाहिली? किती दिवसांनी लिहून ठेवली? साक्षीदार आधी एकमेकांशी बोलले होते का? बहुतेक वेळा तिसऱ्या प्रश्नापर्यंत जावेच लागत नाही...

मी रसायनशास्त्रज्ञ आहे. बहरीनमधल्या एका धातू कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. आमचे घर मूळचे नागपूरचे, बौद्ध. अंगारा, नवस, दृष्ट हे शब्द आमच्याकडे थट्टेतसुद्धा येत नसत. तेव्हा पुढे जे लिहिते आहे ते लिहिताना मला संकोच वाटतो आहे, हे आधीच सांगून टाकते. जमेल तितक्या नेमक्या वेळांसह सांगते. फट सापडली तर जरूर कळवा — मी दोन वर्षे शोधते आहे.

माझे बाबा बहरीनमधल्याच हिद्दच्या जहाजदुरुस्ती गोदीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होते. त्या वर्षी जुलैत त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि वाचा, दोन्ही गेली. हात हळूहळू हलू लागला, वॉकर धरून ते मनाम्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये या खोलीतून त्या खोलीत जाऊ लागले. पण शब्द एकही नाही. डॉक्टरांनी समजावले होते की त्यांना सगळे कळते, शब्द आत शाबूत आहेत, बाहेर येण्याची वाट तेवढी तुटली आहे. पहिले काही महिने महत्त्वाचे, त्यांनी स्वतः प्रयत्न करायला हवा.

बाबा प्रयत्न करत नव्हते. थेरपिस्ट बाईंनी कपाचे चित्र दाखवून "से कप" म्हटले की ते भिंतीकडे तोंड फिरवत. आयुष्यभर जहाजांचे प्रेशर गेज दुरुस्त केलेल्या माणसाला कप म्हणायला लावणे... मला त्यांचा राग समजत होता. डिसेंबरात कंपनीचे मेडिकल बोर्ड बसणार होते. व्हिसा राहतो की जातो ते तेव्हा ठरणार होते. माझी भीती मात्र बोर्डाची नव्हती. या माणसाने बोलणे कायमचे सोडून दिले आहे, ही होती.

अशातच आमच्या नव्या स्पेक्ट्रोमीटरच्या प्रशिक्षणासाठी तीन आठवडे ओसाकाला जाण्याकरता माझी निवड झाली. आमच्या लॅबमधून परदेशी प्रशिक्षणाला जाणारी मी पहिली मुलगी. त्यासाठी मी दोन वर्षे झटले होते, आणि तरी मी नकार द्यायचे ठरवले. आईने ऐकून घेतले आणि कणीक मळता मळता म्हणाली, "जाय तू. तू घरी बसून राहिली तं त्यायच्या तोंडातून शब्द निघणार हाय का?"

मी गेले.

प्रशिक्षणातला दुसरा रविवार मोकळा होता. जपानमध्ये बुद्ध कसा दिसतो हे पाहण्याची बाबांची फार जुनी इच्छा होती. मी एकटीने दिवसभराचा बेत आखला — क्योतोला जाऊन तिथून नारा लाइनच्या गाडीने आधी इनारीचे देवस्थान, मग उजीचे तळ्यातले विहार, शेवटी नाराचा महाबुद्ध. जपानी गाड्या मिनिटाला मिनिट धरून चालतात, हे एव्हाना मी अनुभवले होते. त्यावरून एक कल्पना सुचली. मी एका कागदावर दोन रकाने आखले, एकात जपानची वेळ, दुसऱ्यात बहरीनची — सहा तास मागे. मी उतरणार ते प्रत्येक स्टेशन, प्रत्येक देऊळ. तो कागद मी गुरुवारी गोदीच्या ऑफिसात गायकवाडकाकांना फॅक्स केला. गायकवाडकाका म्हणजे बाबांचे शिफ्टमधले जोडीदार. रात्रपाळी संपली की रोज सकाळी ते बाबांना आंघोळ घालायला आमच्याकडे येत. खाली एकच ओळ लिहिली होती: "बाबा, घड्याळ समोर ठेवा. माझ्याबरोबर चला."

आईने तो कागद जेवणाच्या टेबलावर, काचेखाली सरकवला.

रविवारी उजीपर्यंत सगळे कागदाप्रमाणे झाले. इनारीला शेंदरी कमानींच्या रांगा डोंगरावर चढत जातात, हजारोंनी. प्रत्येक खांबावर देणगी देणाऱ्याचे नाव. पायथ्याशी लोक लाकडी पाटीवर इच्छा लिहून टांगत होते. मी एक पाटी हातात घेतली. पेनही काढले. मग पाटी परत ठेवली... मागण्याची आम्हाला सवय नाही, आणि शिवाय काय लिहायचे हे मला इतके नेमके माहीत होते की ते लिहवेना. उजीला तळ्याकाठी बसून डबा खाल्ला. बारा बत्तीसच्या गाडीत बसले. ही गाडी एक बावीसला नाराला पोहोचणार होती.

इथे माझी चूक झाली. ही चूक वेळापत्रकावर विश्वास ठेवणारा माणूसच करू शकतो. गाडीत मी वहीत टिपणे लिहीत होते. वाटेत एका ठिकाणी गाडी बराच वेळ थांबली, काही घोषणा झाली, ती मला कळली नाही. पुढे एकदा गाडी थांबली तेव्हा मी घड्याळ पाहिले — बरोबर एक बावीस. म्हणजे नारा. पाटीकडे न पाहता मी उतरले. दार बंद झाले, गाडी गेली, आणि समोर एक छोटासा निर्मनुष्य फलाट. पाटीवर इंग्रजीत लिहिले होते: कामिकोमा. नाराच्या अलीकडचे तिसरे स्टेशन. गाडी उशिराने धावत होती.

त्यातच घाईने उतरताना माझ्या डाव्या बुटाचा तळवा निम्मा सुटला. पुढची गाडी अर्ध्या तासाहून अधिक वेळाने होती. मी फटक फटक करत दुकान शोधायला निघाले. दुकान नव्हते. चहाची शेते होती आणि एका गल्लीच्या टोकाला एक लहानसे बौद्ध विहार, ज्याच्या वळचणीला सोललेली नारिंगी फळे दोऱ्यांना ओळीने वाळत टांगलेली होती. एक म्हातारे भिक्खू अंगण झाडत होते. आत अंधारात बुद्धमूर्ती होती. मी पायरीवर बसले आणि घरी म्हणतो तसे हळू आवाजात त्रिसरण म्हटले. दिवसभरात पहिल्यांदाच मला रडू आले. दुसरे काही घडले नाही. कुठला प्रकाश दिसला नाही, आवाज आला नाही, हे नमूद करते.

भिक्खूंनी झाडू बाजूला ठेवला आणि ते माझ्या पायाकडे पाहून काहीतरी म्हणाले. मी मराठीत म्हटले, "तळवा निघाला हो बाबा." ते हसले, फळांची एक रिकामी दोरी काढून आणली, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि बूट तळव्यापासून वरपर्यंत तीन वेढे देऊन बांधला. मी अवघडून पाय मागे घेत होते. त्यांनी घोट्यावर चापट मारून गप्प बसवले. गाठ मारल्यावर मी घड्याळ पाहिले, कारण गाडी चुकवायची नव्हती. एक वाजून चाळीस मिनिटे.

पुढची गाडी मिळाली. महाबुद्ध पाहिला, दोरी बांधलेल्या बुटासह. हे मी कोणालाही सांगितले नाही. सांगायला कोणी नव्हतेच.

रात्री आठला हॉस्टेलच्या लॉबीतून फोनकार्डावर घरी फोन लावला. बहरीनमध्ये दुपारचे दोन. आईचा आवाज इतका चढलेला होता की मला वाटले, झाले काहीतरी वाईट.

"अवं, तुहे बाबा बोलले! आज सकाळी! गायकवाडभाऊवर खेकसले!"

"खेकसले? कशावरून?"

"थांब, त्यायलेच फोन देतो."

रिसीव्हर टेबलावरून सरकल्याची खरखर झाली. मग चार महिन्यांनी बाबांचा आवाज — घोगरा, ओढलेला, पण त्यांचाच.

"बूट... कसा... हाय?"

मी खाली पाहिले. पायात तोच बूट होता.

सकाळी काय घडले ते मी त्याच आठवड्यात आई आणि गायकवाडकाकांकडून वेगवेगळे लिहून फॅक्सने मागवले; एकमेकांना दाखवू नका म्हणून बजावले. आईचे टिपण अर्धे पान, काकांचे साडेतीन. दोन्ही मिळून घटना अशी आहे.

गायकवाडकाका सव्वासातला आले. बाबा टेबलाशी बसलेले, समोर कागद आणि घड्याळ. काका म्हणाले, "जय भीम, भाऊ! कुठंवर पोचली आपली पोरगी?" आणि कागदात डोकावून, "सात बावीस... हे पाहा, उतरली नारात! यल्ला, चला, आपण आंघोळीले जाऊ."

बाबांनी डावा हात काचेवर आपटला. म्हणाले, "नाही."

आई स्वयंपाकघरातून पोह्यांची कढई तशीच हातात घेऊन बाहेर आली.

बाबांचे बोट 'नारा'वरून वर सरकले, उजी आणि नारा यांच्यामधल्या कोऱ्या जागेत, जिथे मी काहीच लिहिले नव्हते. "उतरली," ते म्हणाले. "आधी... उतरली."

काका म्हणाले, "उतरली ना भाऊ, तेच तं मी म्हणून राहिलो!" आई काकांना म्हणाली, "तुम्ही चूप बसा ना जरा!"

मग काही मिनिटे बाबा तोंड हलवत राहिले, घामाघूम झाले. आणि म्हणाले, "बूट."

काकांना वाटले, यांना फिरायला जायचे आहे. त्यांनी दारामागून बाबांचे बूट आणले, खाली बसून डावा पायात घातला आणि नाडी बांधू लागले. तेव्हा बाबा ओरडले — काकांच्या शब्दांत, "गोदीत क्रेनवाल्यावर वरडाचे तसे" — "माझा नाही! तिचा! दोरी... बांध!"

काका दचकून मागे बसले. आईच्या हातातली कढई कलंडली. काकांना सवयच, काही वेगळे घडले की आधी वेळ टिपायची. त्यांनी खिशातल्या डायरीत लिहिले: ७.४२. आईच्या म्हणण्याप्रमाणे पावणेआठला दोनएक मिनिटे होती.

आता कारणमीमांसा. न्यूरॉलॉजिस्टना विचारले तेव्हा ते म्हणाले की चौथ्या महिन्यात वाचा परतणे शक्य आहे, आणि रागाच्या भरात शब्द सुटल्याची उदाहरणे त्यांनी पाहिली आहेत. मान्य. बुटाचे म्हणाल तर तो जोडा मी मनाम्याच्या सूकमधून, म्हणजे जुन्या बाजारातून घेतला होता. निघताना त्याचा तळवा उचकटू लागलेला बाबांनी पाहिला असेल आणि बोलता येत नसल्याने काळजी मनात राहिली असेल. तेही मान्य. आधी उतरण्याचे काय? मुलगी परक्या देशात एकटी फिरते आहे, वाट चुकेल, ही भीती कोणत्याही बापाला असते. चला, तेही धरू. पण हे सगळे एकाच सकाळी, त्याच क्रमाने, अवघ्या दोन-चार मिनिटांच्या फरकाने... आणि दोरी? दोरी कुठून आली? ती दोरी त्या दिवशी बुटाला बांधली जाईल हे मलाही ठाऊक नव्हते. माझ्या एका सहकाऱ्याने सुचवले की कदाचित मीच फोनवर आधी सांगितले असेल आणि विसरले असेन. त्या दिवशी रात्री आठच्या आधी मी घरी फोन केलाच नव्हता. त्या दिवशी वहीत लिहिलेली पाने माझ्याकडे आहेत.

त्या दिवसापासून बाबांनी प्रयत्न सुरू केला. थेरपिस्ट बाईंनी कप दाखवला की ते हसून "चहा कुठं हाय?" अशा अर्थाचे काहीतरी पुटपुटू लागले, सुरुवातीला दोन शब्द, मग तीन. डिसेंबरात मेडिकल बोर्डासमोर त्यांनी स्वतःचे नाव आणि बॅज नंबर सांगितला. गोदीने त्यांना टूल-रूममध्ये बसते काम दिले.

मी प्रशिक्षण संपवून परतले त्या संध्याकाळची गोष्ट शेवटी सांगते. सामान उघडायच्या आधीच मी वही घेऊन बाबांसमोर बसले होते. आई, काका आणि मी अशा तीन साक्षी, दोन घड्याळे, सगळे मांडून झाले होते. फक्त मूळ प्रयोगकर्त्याचे निवेदन बाकी होते.

"बाबा, दिसले होते का तुम्हाला? स्वप्नासारखे? की आवाज आला? तुम्हाला कळले कसे?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटले, थकले. मी वही मिटू लागले, तर त्यांनी डाव्या हाताने ती पुन्हा उघडली, पेन माझ्या बोटांत नीट बसवले, आणि एकेक शब्द उचलून ठेवावा तसे म्हणाले —

"मालूम नाही, तं... मालूम नाही म्हणूनच... लिव. वरून... काही... चिकटवू नको."

आजारानंतर बाबांचे एवढे लांब बोलणे ते पहिलेच. आईने दाराच्या चौकटीला धरून ते ऐकले. मी वेळ पहायला विसरले. वहीत तेवढी एकच नोंद वेळेशिवाय आहे.

त्यांनी सांगितले तसेच मी लिहिले आहे.