चौदा नंबरचं पाकीट

“तिचा चौदा नंबर म्हणजे तिच्या आईच्या मसाल्यातलं दगडफूल असणार, बघ,” लॅबमधला सीनियर म्हणाला आणि आत दोघंतिघं हसले. मी दाराबाहेर वाकून चपला काढत होते. एक काढली होती, एक पायात तशीच राहिली.

राग त्याचा नाही, माझाच आला. मी लॅबमध्ये फारशी बोलत नाही. पण एका दुपारी डबा खाताना मीच गंमत म्हणून सांगितलं होतं की एप्रिलमध्ये औंधच्या डोंगरावरून आणलेली माझी नमुन्यांची पाकिटं पलूसला आमच्या गच्चीवर वाळत होती, आणि शेजारीच आईचं मसाल्याचं सामान पसरलेलं होतं. मिरच्या, धने, दगडफूल. सगळे हसले होते. मला बरं वाटलं होतं.

आम्ही दगडांवर, झाडांच्या सालींवर वाढणाऱ्या दगडफुलासारख्या वनस्पतींवर काम करतो. वनस्पती म्हणणंही चूकच. ती एक बुरशी असते; तिने आपल्यात शैवाल वसवलेलं असतं, आणि शैवाल उन्हात अन्न तयार करून तिला पोसतं. नाव मात्र बुरशीचं लागतं. पूर्वी रंगरूप पाहून त्यांची कुळं ठरवत. आता डीएनए काढून कोण कोणाच्या जवळचं ते पाहतात, आणि बऱ्याचदा अगदी जुळी दिसणारी परकी निघतात.

माझा चौदा नंबरचा नमुना खडकाला घट्ट चिकटलेला, करडा, नखाएवढ्या पाकळ्यांचा. दिसायला एका कुळातला. पण संगणकावर वंशवृक्ष उमटला तेव्हा तो भलत्याच फांदीवर, दगडफुलाच्या भावकीत जाऊन बसला होता. त्या संध्याकाळी सांगली स्टँडवर बसची वाट बघताना मी मोबाइलवर ती फांदी दोन बोटांनी मोठी करून करून बघत होते. रूप एक आणि रक्त दुसरं! हे खरं असेल तर कुठल्याही पुस्तकात शिकलेलं नव्हतं, माझ्या हातात आलं होतं.

आणि आता हा मसाला. गच्चीवरच्या दगडफुलाचा कण पाकिटात पडला असेल, तर आलेला डीएनए त्याचाच असणार. लॅबच्या प्रमुख मॅडमचा नियम साधा होता: शंका आली की नमुना बाद. सोमवारी वृक्ष पक्का करायचा होता. “चौदा काढून टाकू या, काय?” असं मॅडम शुक्रवारी म्हणाल्या, आणि मी मान हलवली. हो की नाही, ते माझं मलाही कळलं नाही.

रविवारी मी औंधला निघाले. आई म्हणाली, “मीबी येते. यमाईचं दर्शन हुईल.” विट्याला गाडी बदलून आम्ही पोचलो. दर्शन झाल्यावर पायऱ्यांपासून जरा लांब, एप्रिलमधल्या फोटोत होता तो खडक मी शोधून काढला. चौदा नंबर होता तिथेच! मी गुडघ्यांवर बसून भिंगातून पाहिलं. कडा, रंग, सगळं तेच. चाकूने एक तुकडा सोडवून मी नव्या पाकिटात भरला.

आई शेंगा सोलत बघत होती. “एवढ्यासाठी आलीस व्हय? ह्ये तर आदी न्हेलं हुतंस की.”

मग मी तिला सगळं सांगितलं. सीनियरचं हसणं सोडून.

“आपलं दगडफूल तुझ्या पाकिटात कसं जाईल गं?”

“गच्चीवर सगळं एकत्र वाळत नव्हतं का? मिरच्या, धने, दगडफूल...”

शेंग तिच्या हातात तशीच राहिली. “दगडफूल उन्हात कोण घालतंय? वास जातोय की त्येचा. मी डब्यातनं काढते, झटकते आन् थेट कढईत टाकते. आजवर कवा वाळत घातलं न्हाई.”

“नक्की?”

“व्हय गं बाई. लय शिकलीस त्येच्यावर, आन् घरात काय करत्यात ते ठावं न्हाई?”

खरंच ठाऊक नव्हतं. शाळा इंग्रजी माध्यमाची, मसाल्याच्या दिवसांत मी खोलीत अभ्यास करत बसलेली. दगडफूल मला पहिल्यांदा नीट भेटलं ते कॉलेजात, लॅटिन नावाने. गच्चीवर मसाल्याचं सामान पाहिलं आणि त्यात दगडफूल असणारच असं मीच धरून चालले, वर हसवायला म्हणून सांगूनही टाकलं.

मी तिला आणखी दोनदा विचारलं. तिसऱ्या वेळी तिने शेंगेचं टरफल माझ्या अंगावर फेकलं. उतरताना मी दोन दोन पायऱ्या घेत होते आणि ती मागून ओरडत होती, “आगं, पडशील!”

सोमवारी माझ्या पिशवीत दोन पाकिटं होती. एकात खडकावरचा नवा तुकडा, दुसऱ्यात आईच्या डब्यातलं दगडफूल. पडद्यावर वृक्ष होता. सीनियरचा हात माउसवर होता.

“तर चौदा काढायचा,” मॅडम म्हणाल्या.

माझे कान तापले. सगळे पडद्याकडे बघत होते, माझ्याकडे कोणीच नाही, आणि त्यामुळेच कदाचित जमलं. मी उभी राहिले. दोन्ही पाकिटं टेबलावर ठेवली.

“मॅडम, चौदा काढू नका. मी चुकीचं सांगितलं होतं. ह्या दोन्हींचा डीएनए आजच काढायला घेऊ या आणि चौदाशी ताडून पाहू या. आणि आमच्या घरी दगडफूल उन्हात घालत नाहीत.”