माझ्या नंबरावर बसलेली पोरं

कॉलेजच्या वायफायला शिव्या न घालता हॉस्टेलातला माझा एक दिवस गेला नाही. दर अर्ध्या तासाला ते बाहेर हाकलायचं. परत ते पान उघडा, परत आपला कॉलेजचा नंबर टाका, परत पासवर्ड टाका. तिसऱ्या वर्षाला माझं डोकं फिरलं आणि मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. वायफायनं हाकललं की तो आपोआप माझा नंबर-पासवर्ड टाकून परत आत शिरायचा. कुंडलच्या उसातनं आलेला मी, पहिल्यांदाच स्वतःच्या डोक्यानं काहीतरी चालू करून दाखवलं होतं. लय फुगलो होतो.

तिथंच माती खाल्ली. माझा रूममेट लोणंदचा. "मला बी दे की रं," म्हणाला. दिला. बजावून सांगितलं, "वरच्या दोन ओळीत माझा नंबर आन पासवर्ड हाय. त्यो काढ, तुझा टाक, मगच चालव."

"व्हय, व्हय," म्हणाला. आणि त्या आळशानं फाईल होती तशी हॉस्टेलच्या ग्रुपवर टाकली! पोरांनीही होती तशी चालवली. चालतंय न्हवं, मग कशाला हात लावायचा? मित्राची असाइनमेंट उतरवताना त्याचा रोल नंबरही तसाच ठेवणारी ही मंडळी.

मला हे कळलं ते थेट नोकरीच्या परीक्षेला. आमच्या ब्रँचला घेणारी त्या वर्षी एकच कंपनी आली होती. पेपर तासाभराचा, ज्याच्या त्याच्या लॅपटॉपवर, आणि उघडणार फक्त कॉलेजच्या वायफायवर. मी लॅपटॉप उघडला तर समोर पाटी: परीक्षेमुळं आज एका नंबरावर पाचच जण; या नंबरावर पाच जण आधीच चालू आहेत, सहावा चालणार नाही.

"माझ्या नंबरावर कोण कोण बसलंय?" मी ओरडलो. सगळ्यांच्या माना खाली. शेजारी रूममेट पेपर सोडवत होता.

"भायेर पड. तुझ्या नंबरानं ये," मी म्हटलं.

"माजा पासवर्ड कुणाला आठवतोय? कवाच टाकला न्हाई. थांब की गड्या, पेपर चालू हाय."

नोकऱ्यांचं बघणाऱ्या सरांना शोधण्यातच अर्धा तास गेला. सर म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा. वेळ वाढवून मिळणार नाही."

बरं, बघतो म्हटलं. हॉलबाहेर जाऊन मोबाईलच्या नेटवर कॉलेजचं पान उघडलं. पासवर्ड बदलला की जुन्यावर बसलेले सगळे बाहेर फेकले जातात, हे मला ठाऊक होतं. त्यांचा पेपर तिथंच बंद पडणार आणि परत उघडणार नाही, हेही ठाऊक होतं.

बदलला.

आत एकच बोंबाबोंब झाली. आष्ट्याचा एक जण तर रडायलाच लागला. ती फाईल कुणाची, हेही त्याला माहीत नव्हतं. मी जागेवर बसलो, आत शिरलो. वीस मिनिटं उरली होती. तेवढ्यात काय होणार? नापास झालो.

"तुजं बी गेलं, आमचं बी गेलं," रूममेट म्हणाला. "काय मिळालं रं तुला?"

असं वागल्यावर घास घशाखाली उतरत नाही म्हणतात. साफ खोटं आहे. त्या दिवशी मेसमध्ये आष्ट्याचा तो माझ्यासमोरच बसून नुसता भात चिवडत होता, आणि मी चार भाकरी खाल्ल्या.