दोनदा विचारणाऱ्या कुसुमताई

कुसुमताई गेल्याचं मला नागपूरच्या सदर भागातल्या माझ्या टायपिंगच्या दुकानात कळलं. समोर एका म्हाताऱ्याचा अर्ज अर्धा झाला होता. तो पुरा केला, त्याला वाचून दाखवला, आणि मग दुकानाचं दार ओढून घेऊन रडलो. अर्ज अर्धा सोडलेला ताईंना खपला नसता... महिना झाला त्याला.

ताई शाळेत शिकवत. आणीबाणी उठल्यावर त्यांनी दोन-चार वकिलांना धरून एक छोटी समिती केली. कोठडीत कुणाला मारहाण झाली की ताई एस.टी.नं त्या गावी जायच्या, जबान्या घ्यायच्या, आणि त्या मी फुकट टाइप करून द्यायचो. फुकट म्हणून माझी मिजासही होती थोडी.

पोलिसांनी नवऱ्याला ठाण्यात कसं मारलं ते काटोलकडच्या एका बाईनं सांगितलं होतं. 'नाव घालू नये' असं ताईंनी वर पेन्सिलीनं लिहिलं होतं. पण बिननावाच्या कागदाला कोण विचारतो? मी अतिशहाण्यानं नाव घातलं. ताईंनी घाईत सही केली, मजकूर वर्तमानपत्रात छापून आला आणि चौथ्या दिवशी त्या माणसाला पुन्हा उचलून नेलं.

ताई माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "चाल गा, दोन कपडे घे संगं," एवढंच म्हणाल्या. त्या बाईच्या दारात मी मान खाली घालून उभा होतो. ताईच बोलल्या, "चूक माझी हाय. सही मी केली."

"तुमच्यावर भरोसा ठेवला होता, ताई. आता मी कोनाच्या तोंडाकडं पाहू?"

ताई ठाण्याच्या बाकावर जाऊन बसल्या, तिथंच शाळेच्या वह्या तपासत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या बाईनं ताईंपुढं भाकर आणून ठेवली. तिसऱ्या दिवशी नवरा लंगडत बाहेर आला.

त्यानंतर ताईंनी नेमच केला. नाव घालायचं तर दोनदा विचारायचं, एकदा आज आणि एकदा तो माणूस झोपून उठल्यावर. वकील वैतागत, "अशानं केस उभी कशी राहणार?" ताई म्हणत, "नाही तर नाही. आपण नागपूरले परत जातो गा, तिले त्याच गावात राहायचं हाय." मला त्यांचा राग यायचा कधीकधी. आता त्यांच्यासारखं कुणी अडवत नाही, याचंच फार वाईट वाटतं.

परवा ती बाई दुकानात आली. "ताईवर लिहून राहिला म्हनते तू. माहं नाव घाल त्यात."

मी लेखणी उचलली आणि खाली ठेवली. म्हटलं, "आज घरी जा, बाई. उद्या येऊन विचारतो."

"ताईवानीच छळून राहिला," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी काटोलची गाडी पकडली. ती अंगणात संत्री निवडत बसली होती. विचारलं. तिनं हातातलं काम थांबवलं, आत खाटेवर बसलेल्या नवऱ्याकडं पाहिलं. त्यानं मान हलवली.

"लिही," ती म्हणाली.

तिचं नाव अनसूया.