पोलि पोलि देवा, आणि माझ्या एक्कावन्न पोळ्या

"सून कसली, गूबे आहे कणे, गूबे! बसवली तिथे बसती, डोळे तेवढे फिरवती. हिला पुत्तरीला कशाला न्यायची?"

बोलत होत्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. ऐकत होत्या सासूबाई. आणि ऐकू नये ती मी, त्याच खिडकीखाली कपडे वाळत घालत होते. गूबे म्हणजे घुबड, आणि कणे म्हणजे गं. सहा महिन्यांच्या संसारात एवढं कन्नड मला आलं होतं.

सासूबाईंनी माझी बाजू घेतली. म्हणाल्या, "नेऊ हो अक्का. सुम्ने बसेल एका कोपऱ्यात. कोपरा काय तिकीट मागतो?"

सुम्ने म्हणजे गुपचूप. याला बाजू घेणं म्हणतात!

आता तुम्ही म्हणाल, घुबड म्हटलं तर म्हटलं, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? अहो, पण त्यानंतर त्या घुबडाने जो पराक्रम केला, तो ऐका तरी. हसू नका असं मी सांगणार नाही. सख्खी आई फोनवर ऐकताना हसून हसून खुर्चीवरून घसरली, तिथे तुम्हाला काय अडवणार?

आधी पुत्तरी काय ते सांगते, कारण माझी घसरण तिथूनच सुरू झाली. आमचे अप्पा, म्हणजे सासरे, म्हैसूरच्या एका शाळेत तीस वर्षं गणित शिकवत होते. त्यांच्या शेजारच्या टेबलावर पूवय्याकाका भूगोल शिकवत. काका कोडगूचे, म्हणजे कूर्गचे, मडिकेरीच्या पुढच्या डोंगरातले. निवृत्त झाल्यावर गावी जाऊन राहिले. दरवर्षी भात कापणीला आलं की त्यांच्या घराण्याचा पुत्तरीचा सण असतो आणि आमच्या घराला त्याचं आमंत्रण असतं.

अप्पा पहिल्यांदा म्हणाले, "पूवय्याकडे पुत्तरी आहे," तेव्हा मला वाटलं, पुत्र झाला! म्हटलं, पासष्टीच्या माणसाला? मग नातू असेल. मी आपली बाळासाठी दुपटं आणि टोपडं घेऊन आले. पुत्तरी म्हणजे नवा तांदूळ, नव्या भाताचा सण, हे मला नवऱ्याने सांगितलं, तेही पोट धरून हसून झाल्यावर. आत्याबाईंनी ते टोपडं आल्यागेल्या प्रत्येकीला दाखवलं. "आमच्या सुनेने भाताला टोपडं आणलंय!" लष्कर मोहल्ल्यात आमच्या गल्लीतली इस्त्रीवालीसुद्धा आठवडाभर मला बघून हसत होती.

तेव्हाच मी ठरवलं, या घरात काही विचारायचं नाही. विचारलं की बोलावं लागतं, आणि बोललं की टोपडं निघतं.

आणि खिडकीखाली ओल्या चादरीआड उभी राहून दुसरंही ठरवलं. पुत्तरीला जायचं, आणि कोपऱ्यात बसायचं नाही. असं काहीतरी करायचं, की या दोघींनी चार लोकांत "ही आमची सून" असं आपणहून म्हणावं. तोंडाने जमत नसेल तर हाताने करू!

पण करायचं काय?

ते मला पूवय्याकाकांनीच सांगितलं. म्हणजे मला तसं वाटलं. आमंत्रणाचा फोन आला तेव्हा अप्पांनी तो स्पीकरवर ठेवला होता. काका डोंगरातून बोलतात, त्यामुळे त्यांना वाटतं आवाजही डोंगर ओलांडून न्यायचा आहे. शेवटी ते गरजले, "शनिवारी सगळे या! पोलि पोलि देवा!"

अप्पाही खुशीत ओरडले, "पोलि पोलि देवा!"

मी स्वयंपाकघरात लसूण सोलत होते. माझा हात थांबला. पोळी, पोळी, देवा? केवढी ती आर्तता! वर्षाचा सण आलाय आणि माणूस देवाकडे पोळी मागतोय! मग दोन दिवस अप्पा आंघोळ करताना, चपला शोधताना, पेपर वाचताना तेच गुणगुणत होते. पोलि पोलि देवा, पोलि पोलि देवा.

आमच्या साताऱ्याकडे पोळी म्हणजे पुरणाची पोळी. सासरी मात्र हा शब्दच नाही. घरात मराठीच बोलतात, आणि तीच शुद्ध आहे, असं आत्याबाईंचं मत आहे. पणजोबांचे पणजोबा कापडं रंगवायला म्हैसूरला आले, तेव्हा जी मराठी आणली ती अजून धुतलेली नाही, असं त्या अभिमानाने सांगतात. पण त्या मराठीत पुरणपोळीला होळिगे म्हणतात आणि चपातीला चपाती. तेव्हा त्या घरात 'पोलि' ऐकून पोळी आठवणारी मी एकटीच. मला वाटलं, इतक्या वर्षांत या लोकांच्या लक्षातच आलं नाही! ते बिचारे दर पुत्तरीला पोळी मागतात, आणि हे जाताना काय नेतात? म्हैसूरपाक!

माझ्या हुशारीचा मला इतका अभिमान वाटला, की काय सांगू!

शुक्रवारी सासूबाई आणि आत्याबाई सकाळच्या गाडीने नंजनगूडला देवदर्शनाला गेल्या. नवरा ऑफिसात, अप्पा बँकेत आणि तिथून मित्रांकडे. मी दार लावलं आणि हरभऱ्याची डाळ शिजत घातली. संध्याकाळपर्यंत एक्कावन्न पोळ्या केल्या. एक्कावन्न! माहेरी मी जास्तीत जास्त अकरा केल्या होत्या, त्यातल्याही तीन फुटल्या होत्या. केळीच्या पानाचे तुकडे मध्ये घालून सगळ्या मोठ्या स्टीलच्या डब्यात भरल्या आणि डबा माझ्या कपाटात साड्यांच्या मागे ठेवला.

आत्याबाई आल्या, त्यांनी नाक वर केलं.

"शेजारी होळिगे केलीय वाटतं. एक पाठवायची रीत नाही लोकांना!"

मी डोळे तेवढे फिरवले.

शनिवारी निघालो. डबा मांडीवर. नवऱ्याने विचारलं, "यात काय?" मी नुसती हसले. हुणसूर गेलं, उजवीकडे लांब बेट्टदपुरचा देवळाचा डोंगर दिसला, आत्याबाईंनी गाडीतूनच हात जोडले आणि मला म्हणाल्या, "तिथे गेल्यावर नीट वाग हं. पुढे पुढे करू नको. ते शिस्तीचे लोक आहेत." मी मान डोलावली.

पूवय्याकाकांचं घर कॉफीच्या मळ्याच्या वर, उतारावर. खाली दरीत पिकलेलं भात. घराण्यातले चाळीसेक लोक जमले होते. बायकांच्या साड्यांच्या निऱ्या मागे, पुरुष काळ्या झग्यांत, कमरेला रेशमी पट्टा. आम्हाला केळ्याचा गोड लगदा दिला, उकडलेले कंद दिले. सगळे इतकं अगत्याने बोलत होते, आणि एकाच्याही हातात पोळी नव्हती. मला भरून आलं.

अंधार पडला, चंद्र वर आला, आणि मुहूर्ताच्या वेळी सगळे दिवे घेऊन शेताकडे निघाले. मी डबा घेऊन मागे. बांधावरून, रेशमी साडीत, आठ किलोचा डबा कडेवर! आत्याबाईंना वाटलं पूजेचं सामान असेल, त्यांनी मला वाटसुद्धा करून दिली.

पूवय्याकाकांचे थोरले भाऊ, वय वर्षं ऐंशी, हातात कोयता घेऊन उभे राहिले. एकदम बंदुकीचा बार झाला! थोरल्यांनी भाताची पहिली पेंढी कापली आणि दरी दणाणली.

"पोलि पोलि देवा! पोलि पोलि देवा!"

चाळीस माणसं! इतक्या कळवळून!

आणि मी, जिने सहा महिन्यांत घरात एकही वाक्य मोठ्याने म्हटलं नव्हतं, ती ओरडले, "आणल्यात! आणल्यात! भरपूर पोळ्या आणल्यात!"

झाकण उघडलं आणि वाटायला सुरुवात केली. पहिली पोळी शेजारच्या दांडग्या गृहस्थांना. ते दचकले, पण पाहुण्या सुनेने दिलेलं नाही कसं म्हणणार? तोंडात घातली. तोंडात पोळी, म्हटल्यावर आरोळी बंद. दुसरी, तिसरी, दहावी. ज्याला पोळी मिळेल तो गप्प! मी मनात म्हटलं, बघा, मागणी पुरी झाली की माणूस कसा शांत होतो. मी बांधावरून पुढे पुढे पळत होते आणि जो कोणी ओरडताना दिसेल त्याला पोळी देत होते. आवाज बारीक होत होता, माझा हुरूप वाढत होता.

शेवटी एकटे थोरले उरले. दोन्ही हातांत पेंढी, डोळे मिटलेले, "पोलि... पोलि..." मला अगदी गलबलून आलं. सगळ्यांना मिळाली आणि घरच्या कर्त्यालाच नाही! त्यांचे हात मोकळे नव्हते. मी पोळीचा मऊसा तुकडा केला आणि सरळ त्यांच्या तोंडात भरवला.

दरीत फक्त चाळीस जणांचं चावणं ऐकू येत होतं.

मी खुशीत मागे वळले. सासूबाईंनी पदर तोंडात घातला होता. नवरा चंद्राकडे बघत होता. आत्याबाई शेजारच्या बाईला कन्नडमध्ये सांगत होत्या, ते मला नेमकं कळलं. "ही आमची नव्हे. तिकडची आहे, महाराष्ट्रातली."

पूवय्याकाका धावत आले. तीस वर्षं अप्पांच्या शेजारी बसून त्यांना मोडकी मराठी येते. ती त्यांनी माझ्यासाठी वापरली, आणि तिथेच घोटाळा झाला.

"अगं मुली, पेंढी घरात जाईपर्यंत ही आरोळी थांबवायची नसते! पोलि म्हणजे पोळी नाही. पोलि म्हणजे वाढ!"

"वाढते की काका," मी म्हटलं, आणि त्यांच्या हातात दोन पोळ्या ठेवल्या.

"तसं नव्हे! वाढ! वाढ, वाढ देवा!"

"हो हो, वाढते!" आणखी दोन.

"अय्यो, वाढू दे म्हणतो आम्ही! भात वाढू दे, घर वाढू दे!" काका चार पोळ्या छातीशी धरून कळवळले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ही मंडळी देवाकडे बरकत मागत होती. पिकाची, गुरांची, लेकराबाळांची. आणि घराण्याचं वर्षाचं मागणं मी पुरण भरून बंद केलं होतं! भरल्या शेतात, पहिल्याच पेंढीला!

हातातला डबा एकदम शंभर किलोचा झाला. जमीन दुभंगावी म्हणून खाली बघितलं, तर चिखल. आत्याबाई दात दाबून म्हणाल्या, "सण बुडवला हिने लोकांचा! आता यांच्यात काय तोंड दाखवायचं?"

सगळे थोरल्यांकडे बघत होते. ते डोळे मिटून चावत होते. दात मोजकेच, त्यामुळे वेळ लागत होता. मला सांगा, कुणाच्या चावण्यावर तुमची अब्रू कधी लोंबकळलीय? त्यांनी गिळलं. डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. मग पेंढी उंच धरून असे काही गरजले, "पोलि पोलि देवा!", की मगाचा बंदुकीचा बार फिका पडला. सगळ्यांनी घास गिळले आणि दुप्पट जोराने साथ दिली. घर येईपर्यंत आरोळी थांबली नाही. मी डब्याला झाकण लावून सगळ्यात मागून, चोरासारखी.

पेंढी घरात गेली, खांबाला बांधली गेली. नव्या तांदळाची खीर झाली. मी ओसरीवर बसले होते. कोपऱ्यातच. थोरले येऊन समोर खुर्चीवर टेकले आणि पूवय्याकाकांना त्यांच्या भाषेत काही म्हणाले. ओसरी कान देऊन ऐकत होती.

काकांनी मराठी केली. "दादा म्हणतो, ऐंशी वर्षं वाढ मागतोय, पण मागताक्षणी कुणी आणून दिली नव्हती. विचारतो, अजून एक आहे का? आणि केल्या कुणी?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात आत्याबाई पुढे सरसावल्या. हो, त्याच, ज्यांची मी मगाशी नव्हते!

"आमच्याच घरची आहे हो होळिगे! ही आमची सून. पुरण कसं वाटायचं, किती वाटायचं, सगळं मीच शिकवलं हिला."

सासूबाई तरी मागे कशा राहतील? "आमच्यात पहिल्यापासून पद्धतच आहे. सणाला जायचं तर डबाभर होळिगे घेऊनच. अल्वा गं?"

आता 'अल्वा' म्हणजे 'नाही का?', आणि तो प्रश्न मला होता. दोघी माझ्याकडे बघत होत्या, मी नेहमीसारखी मान डोलावीन म्हणून. ओसरीवरचे चाळीस लोक बघत होते. नवरा बघत होता आणि चक्क घाबरला होता.

मी उठले. थोरल्यांना शेवटची पोळी वाढली. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हो तर! पुरण आत्याबाईंचं, पद्धत सासूबाईंची. चुकीचं ऐकलं तेवढं माझं. ते तरी माझ्या नावावर राहू द्या!"